अंधेरीत ज्वालामुखी नाही, भेगा आहेत

गणपतीच्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. ‘मुंबईकरांनो, तुम्हाला माहीत आहे का?’ अशी नेहमीची सुरुवात, मग लाव्हा ओकणाऱ्या कुठल्यातरी भलत्याच डोंगराचा फोटो, आणि खाली मजकूर: अंधेरीची गिल्बर्ट हिल हा ६.६ कोटी वर्षांचा झोपलेला ज्वालामुखी आहे, तिचा कडा म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडात अडकलेलं बूच आहे, असा खडक जगात फक्त तीनच ठिकाणी आहे, आणि वर बसलेल्या देवीमुळेच तो शांत राहिला आहे. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी. दोघा काकांनी लगेच ‘जय माता दी’ लिहिलं. तिसऱ्यांनी विचारलं, अंधेरीतल्या फ्लॅटचे भाव उतरतील का.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून भाची आली. आठवीत आहे. तिच्या वर्गाच्या ग्रुपवरही हाच मेसेज येऊन गेला होता. ‘मामा, क्रेटर बघायला जाऊया ना,’ म्हणाली. क्रेटर नाही हे मला माहीत होतं, पण ते तिला तिथे नेऊनच सांगावं असं ठरवलं. दगडांच्या बाबतीत तोंडी समजावण्यात अर्थ नसतो.

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा केली की दहा-पंधरा मिनिटांत आपण गावदेवी डोंगरीच्या गल्लीत असतो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दाटीने घरं, वर वायरींचं जाळं. आणि मग अचानक, पत्र्याच्या छपरांच्या मागे, काळीकुळीत भिंत उभी राहते. सुमारे ६१ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघा आहेत, जणू कोणी उभ्या तुळया एकमेकींना चिकटवून ठेवल्या आहेत. भाचीने मान वर केली, थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हे कोणी बांधलं?’

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर आयर्लंडमध्ये वेगळं मिळतं आणि आपल्याकडे वेगळं. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असेच सुमारे ४०,००० खांब आहेत, जायंट्स कॉजवे म्हणतात त्याला. तिथली लोककथा सांगते की फिन मॅककूल नावाच्या राक्षसाएवढ्या वीराने स्कॉटलंडला चालत जाण्यासाठी ती वाट रचली. आपल्याकडे असं काही दिसलं की काम पांडवांच्या नावावर जातं, आणि तेही एका रात्रीत उरकलेलं असतं. भाचीच्या गावच्या लेण्याचं नावच पांडवलेणी. खरं तर ती लेणी माणसांनी छिन्नीने वर्षानुवर्षं खपून कोरली, पण त्यांच्या घामाचं श्रेय कुणी देत नाही. इथे गिल्बर्ट हिलवर मात्र खरोखरच कुणी छिन्नी चालवलेली नाही. हे खांब दगड थंड होताना तडकून झाले आहेत. कसे, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. पण आधी ज्वालामुखीचा निकाल लावतो.

शाळेच्या पुस्तकात ज्वालामुखी शंकूसारखा काढलेला असतो: मधे नळी, टोकाला खळगा, बाजूने ओघळणारा लाल रंग. महाराष्ट्र ज्या लाव्हाने घडला तो असा आलाच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर थिजायचा, त्यावर दुसरा. कसाऱ्याच्या घाटात गाडीच्या खिडकीतून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते हेच थर. या सगळ्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात; त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दही स्कँडिनेव्हियातल्या भाषांतला, अर्थ जिना. आज उरलेला विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, आणि सह्याद्रीच्या बाजूला जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. एवढ्या मोठ्या प्रकरणात शंकू शोधणं म्हणजे पुराच्या पाण्यात नळ शोधण्यासारखं आहे.

मुंबईचं प्रकरण थोडं निराळं. घाटातले थर जवळजवळ आडवे आहेत, मुंबईकडे येताना ते पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला कलतात. आणि साष्टीतले, म्हणजे मुंबई उपनगरांच्या बेटावरचे, बरेच खडक घाटातल्या खडकांपेक्षा काही दशलक्ष वर्षांनी लहान आहेत. गिल्बर्ट हिलच्या बेसॉल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचं, अरगॉनच्या समस्थानिकांवरून काढलेलं वय ६ कोटी वर्षांच्या घरात येतं. म्हणजे फॉरवर्डमधला आकडाही चुकला. गंमत अशी की ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर नष्ट झाले, त्यामुळे अंधेरीच्या या दगडावरून एकही डायनोसॉर चाललेला नाही. भाचीचा थोडा हिरमोड झाला. तिला वरळीचे बेडूक सांगितले: लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात मुंबईत तळी साचली होती, त्यांच्या गाळाच्या दगडात वरळीला चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले, एकोणिसाव्या शतकातच. बेडकांनी तिचं समाधान झालं नाही.

मुंबईत नुसता काळा बेसॉल्टही नाही. मालाडकडचा पिवळसर दगड म्हणजे ट्रॅकाइट. लाव्हाच, पण सिलिका जास्त असलेला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत पाहिलीत तर हे दोन्ही दगड एकाच भिंतीत दिसतात, कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळा. तिकीट काढायच्या आधीच अर्धा भूशास्त्राचा धडा फुकट होतो.

तर गिल्बर्ट हिल म्हणजे ज्वालामुखीचा डोंगर नव्हे. ज्वालामुखीच्या त्या दीर्घ प्रकरणाच्या शेवटाला जमिनीत घुसलेल्या आणि तिथेच थिजलेल्या शिलारसाचा तो जाडजूड गोळा आहे, असं साधारणपणे मानलं जातं. भोवतालचं आवरण काळाच्या ओघात झिजून गेलं. उरलंसुरलं माणसाने नेलं. आज दिसणारा सुळका हा मोठ्या टेकडीचा मधला गाभा आहे. बाकीची टेकडी खडी होऊन मुंबईच्या भिंतींत, रस्त्यांत आणि इमारतींच्या पायाभरणीत गेली. हा उभा कडा निसर्गाइतकाच सुरुंगाचाही आहे.

पायऱ्यांपाशी नारळ-फुलं विकणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. मी खांबांवर हात फिरवतोय हे पाहून त्यांनीच विषय काढला. ‘माझा बाप इथल्याच खाणीत होता, साहेब. तो म्हणायचा, ह्यो दगड फोडायला लागत न्हाई, नुसता सोडवायचा.’ आणि हाताने पहार सांध्यात घालून रेटल्यासारखं करून दाखवलं. पाथरवटाला जे पहारीच्या टोकाशी कळलं होतं, तेच समजून घ्यायला शास्त्रज्ञांना अडीचशे वर्षं लागली. अठराव्या शतकात युरोपात यावर कडाक्याचं भांडण होतं: एका गटाच्या मते बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यातून साखरेच्या खड्यांसारखा जमतो, आणि खांब म्हणजे मोठाले स्फटिक. १७६३ साली निकोला देमारे हा फ्रेंच सरकारी अधिकारी ओव्हेर्न्यच्या डोंगरात खांबांचा माग काढत चालत गेला आणि थेट जुन्या लाव्हाच्या प्रवाहाला जाऊन पोचला. स्फटिकवाल्यांना ते पचायला बराच काळ गेला.

आता भेगा.

शिलारस थिजून बेसॉल्ट झाला की तो सुमारे ९८० अंश सेल्सियसला असतो. घट्ट, पण तापलेला. इथून पुढे तो निवत जातो आणि निवताना आकसतो. किती? दर मीटरमागे, दर १०० अंशांना, साधारण एक मिलिमीटर. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण नीट विचार करा. उभ्या दिशेने आकसायला त्याला मोकळीक आहे, वरचा पृष्ठभाग थोडा खाली बसला की झालं. आडव्या दिशेने मात्र प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी शेजारी चिकटलेले आहेत, आणि तेही आकसू पाहताहेत. सगळेच एकमेकांना ओढताहेत, कुणालाच हलता येत नाही. रबर असता तर ताणला गेला असता. दगडाला ताण सोसत नाही. दाब तो मुकाट्याने सहन करतो, ताणाला लगेच तडकतो. म्हणूनच जुन्या देवळांत दगडी खांब उंच असतात पण दगडी तुळया आखूड ठेवाव्या लागतात.

तडकतो कधी, हे मोजलं गेलं आहे. २०१८ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी आइसलंडच्या एयाफ्यातलायोकुतल ज्वालामुखीचा बेसॉल्ट घेतला (२०१० मध्ये युरोपची विमानं जमिनीवर बसवणारा तोच, उच्चाराच्या फंदात पडू नका), त्याच्या कांड्या यंत्रात दोन्ही टोकांनी घट्ट पकडल्या, तापवल्या आणि निवू दिल्या. कांडी आकसू पाहते, यंत्र सोडत नाही, शेवटी ती मोडते. ती मोडत होती ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान. म्हणजे घट्ट झाल्यानंतर ९० ते १४० अंश निवला की बस्स. मी आजवर समजत होतो की भेगा दगड गार झाल्यावर पडत असतील. तसं नाही. अंधेरीचे हे सांधे पडले तेव्हा दगड अजून निखाऱ्यासारखा लाल असणार.

पण एकदम वीस मजली भेग पडत नाही. वरचा थर आधी निवतो, तिथे तडा जातो आणि खाली जाऊन थांबतो, कारण खाली दगड अजून इतका गरम आहे की तो तडकण्याऐवजी दबतो, लवतो. थोड्या काळाने निवण्याची सीमा आणखी खाली सरकते, तडा पुन्हा एक पाऊल टाकतो. पुन्हा थांबतो. असा तो टप्प्याटप्प्याने उतरतो, थंडीच्या मागे मागे. खांबाच्या चेहऱ्यावर त्या प्रत्येक टप्प्याची आडवी पट्टी उमटते, अर्धी गुळगुळीत, अर्धी खरबरीत. गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी पावसाने धुतलेल्या एका खांबावर मी बोटं फिरवली. शेवाळ बाजूला केलं तर तशा पायऱ्या हाताला लागल्यासारख्या वाटल्या. भाची म्हणाली, ‘उसाच्या पेरांसारखं.’ मला हे आधी सुचायला हवं होतं.

इथून पुढे थोडी भूमिती आहे. ज्यांना नको त्यांनी देवळापाशी भेटावं.

षटकोनच का? यूट्यूबवर याची उत्तरं मिळतात त्यांत ‘निसर्गाला षटकोन आवडतो’, ‘पवित्र भूमिती’, ‘श्रीयंत्राची रचना’ आणि ‘प्राचीन प्रगत संस्कृती’ असं सगळं असतं. निसर्गाला काही आवडत नाही. सुकलेल्या तळ्याचा चिखल आठवा. त्यातही भेगा आकसण्यानेच पडतात, पण षटकोन क्वचित दिसतात. बहुतेक तुकडे वेडेवाकडे चौकोनी असतात. कारण असं: पहिली भेग पडली की तिच्या दोन्ही काठांजवळचा आडवा ताण मोकळा होतो, पण भेगेच्या दिशेने असलेला ताण तसाच राहतो. दुसरी भेग चालत चालत तिच्याजवळ आली की ती उरलेल्या ताणाला काटकोनात वळते आणि पहिलीला टक्कर देऊन थांबते. ओलांडून पुढे जाऊ शकत नाही, कारण पलीकडे काही जोडलेलंच नाही. म्हणून जंक्शन इंग्रजी टीसारखं होतं: एक सरळ रस्ता, एक काटकोनात येऊन मिळणारी गल्ली.

लाव्हाच्या पृष्ठभागावरही सुरुवात अशीच टीने होते. फरक पुढे पडतो. चिखलाच्या भेगा एकदा पडून संपतात. लाव्हाच्या भेगा हजारो वेळा पुन्हा पुन्हा, प्रत्येक पावलाला नव्याने पडतात. वरची भेग खालच्या भेगेला वाट दाखवते, पण प्रत्येक पावलाला जंक्शनपाशी कोण आधी पोचणार हा क्रम बदलतो. आधी अ भेग पहिली होती, ब तिला येऊन मिळाली. पुढच्या पावलाला ब आधी पुढे सरकली, अ जरा वाकून तिला मिळाली. तिसऱ्यांदा क. दर वेळी कोपरा किंचित सरकतो. शेकडो फेऱ्यांनंतर तिघींपैकी कोणीच ‘पहिली’ उरत नाही, तिघींचा वाटा सारखा होतो आणि ३६० अंशांची तीन समान वाटणी होते, १२०, १२०, १२०. टीचा वाय होतो. खांब जितका खोल, तितका तो नेटका. पृष्ठभागालगत गबाळे तुकडे आणि खोलवर रेखीव षटकोन, हे जगातल्या अनेक ठिकाणी दिसतं, आणि ते या भेगांच्या भांडणाचा निकाल आहे.

आता एक गोष्ट जी मला या विषयातली सगळ्यांत देखणी वाटते. ‘सहा’ हा आकडा मुळात वायमधून येतच नाही. विटांची भिंत घ्या, नेहमीची, एकीच्या सांध्यावर दुसरीची पाठ अशी. वीट चौकोनी आहे. पण एका विटेला शेजारी किती? डावीकडे एक, उजवीकडे एक, वर दोन, खाली दोन. सहा! विटांच्या भिंतीत सगळी जंक्शनं टीची असतात, प्रत्येक ठिकाणी तीनच सांधे भेटतात. आणि जिथे जिथे तीन-तीन सांधे भेटतात, तिथे प्रत्येक तुकड्याच्या शेजाऱ्यांची सरासरी सहाच येते, मग तुकड्यांचा आकार काहीही असो. आठवीच्या भूमितीने दाखवता येतं: प्रत्येक जंक्शनवर तीन कोन मिळून ३६०, म्हणजे सरासरी कोन १२०; बहुभुजाच्या आतल्या कोनांची बेरीज (n−२)×१८०, ती n ने भागली की १२० यायला हवी; सोडवा, n = ६. मात्र टीच्या सरळ बाजूवरचा १८० अंशांचा ‘कोन’ही मोजायचा, तो वगळलात तर सरासरी चारावर घसरते. म्हणजे चिखलाच्या तुकड्याला शेजारी सहाच असतात आणि कोपरे चार. लाव्हाने काय केलं, तर विटेचे दोन लपलेले कोपरे वाकवून बाहेर काढले.

हे मी गल्लीत उभा राहून, रिक्षावाल्याच्या हॉर्नवर आवाज चढवून भाचीला समजावत होतो. तिने समोरच्या अर्धवट गिलावा झालेल्या भिंतीतल्या विटेचे शेजारी बोटांनी मोजले. सहा आले. ‘मग खांब सगळे षटकोनी पाहिजेत,’ म्हणाली, आणि डोंगराकडे बोट दाखवून एक पाचकोनी खांब काढून दाखवला. सरासरी आणि प्रत्येकी यांतला फरक. वर्गातल्या मुलांची सरासरी उंची कुणाचीच नसते तसं. पाचकोनी आहेत, सातकोनीही असतात, एकमेकांची कसर भरून काढतात.

खांबाची जाडीही काही सांगते. निवणं झपाट्याने झालं तर ताणाचा पट्टा अरुंद होतो, भेगा जवळजवळ पडतात, खांब बारीक होतात. सावकाश निवालं तर खांब जाडे. गिल्बर्ट हिलच्या खांबामागे माणूस सहज लपेल, म्हणजे घाई नव्हती. नुसतं वहनाने, म्हणजे दगडातून दगडात सरकत, उष्णता गेली असं धरून हिशेब केला तर ६० मीटर जाडीच्या थराला निवायला काही दशकं लागतात. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. प्रत्यक्षात पाणी मदतीला येतं. पाऊस भेगांतून उतरतो, खाली उकळतो, वाफ होऊन वर येतो, पुन्हा उतरतो. त्यामुळे निवण्याचा वेग खोलीबरोबर मंदावत जाण्याऐवजी बराचसा एकसारखा राहतो, आणि खांबही वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे निघतात.

आणि दिशा. खांब नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. भिंतीसारख्या उभ्या भेगेत शिलारस भरून थिजला तर त्याचे खांब आडवे पडतात, परसात रचलेल्या जळाऊ लाकडांसारखे. गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत. म्हणजे इथली उष्णता मुख्यतः वरून आणि खालून गेली. अरुंद उभ्या नळीतला दगड असं वागला नसता. मेसेजमधल्या ‘ज्वालामुखीच्या तोंडात अडकलेलं बूच’ या कल्पनेशी खांबच जुळत नाहीत. हा पुरावा वाचायला कुठलंही यंत्र लागत नाही, मान वर करावी लागते.

राहिला ‘जगात फक्त तीनच’ हा दावा. वर्तमानपत्रांतही तो येतो: गिल्बर्ट हिल, अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर आणि डेव्हिल्स पोस्टपाइल. डेव्हिल्स टॉवर नक्कीच भव्य आहे, पायथ्यापासून २६० मीटरहून उंच, १९०६ मध्ये अमेरिकेने जाहीर केलेलं पहिलं राष्ट्रीय स्मारक. पण तो बेसॉल्टच नाही, फोनोलाइट नावाचा दुसराच ज्वालामुखी खडक आहे. आणि खांब काही तीन ठिकाणी नाहीत, शेकडो ठिकाणी आहेत. उडुपीजवळ मालपेच्या समुद्रात सेंट मेरीज बेटांवर आहेत, तेही बेसॉल्टचे नव्हेत. कोल्हापूर जिल्ह्यात बांदिवड्याला आहेत. यवतमाळ जिल्ह्यात रस्त्याच्या कामात खणताना निघाले. गिल्बर्ट हिलला मोठं करण्यासाठी खोट्याची गरज काय? ऐन शहरात, लोकलपासून दहा मिनिटांवर, एवढ्या उंचीचे खांब उघड्यावर पाहायला मिळतात, एवढं पुरेसं नाही का? ‘जगात एकमेव’ लिहिल्याशिवाय आपल्याला स्वतःच्या गोष्टीची किंमत वाटत नाही, हा आजार दगडांपुरता नाही.

दगडात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गेलो. वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं मंदिर, थोडी झाडं, बसायला जागा. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी चार-पाच माणसं होती. देवीवर माझा आक्षेप नाही, चढून दम लागलेल्या माणसाला तिच्या सभामंडपासारखी सावली नाही. पण ज्वालामुखी तिने थोपवला हे सांगणाऱ्यांनी देवीला उगाच न केलेल्या कामाचं श्रेय दिलं आहे. खालचा शिलारस ६ कोटी वर्षांपूर्वीच गोठला. त्याला जन्म देणारी पृथ्वीच्या पोटातली गरम जागा इथून निघून गेली, खरं तर आपणच निघून आलो; भारताचा तुकडा उत्तरेला सरकत राहिला. आज तुमच्या पायाखालचा दगड तापतो तो उन्हाने. भारतातला जागृत ज्वालामुखी पाहायचा तर अंदमानात बॅरन बेटाकडे बघावं लागेल.

धोका आहे, पण तो वेगळा आहे. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की घरं कड्याला अगदी टेकलेली दिसतात. खांब सुटे आहेत, ही त्यांची जातच आहे. सांध्यात पावसाचं पाणी उतरतं, पिंपळाचं मूळ शिरतं, मूळ जाड होतं आणि खांबाला शेजाऱ्यापासून रेटतं. आधी सुरुंगांनी हादरे दिले आहेतच. खाणवाल्याची पहार आता पिंपळाच्या हातात आहे. २००७ मध्ये पालिकेने टेकडीला वारसा दर्जा दिला, दुसऱ्या श्रेणीचा. कड्याच्या पोटाशी उगवलेलं झाड वेळेवर काढणं ही त्याहून साधी आणि जास्त कामाची गोष्ट, आणि ती दर पावसाळ्याआधी करावी लागणार.

भाची कठड्यापाशी वाकून बघत होती. एक विमान डोक्यावरून खाली येत गेलं. ‘क्रेटर नाहीये म्हणून मुलं ऐकणार नाहीत,’ ती म्हणाली. ‘दाखवायला काहीतरी पाहिजे.’

दाखवायला काहीतरी स्वयंपाकघरात होतं. १९९८ मध्ये गेरहार्ड म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने लिहिलं की स्टार्च आणि पाणी कालवून सुकवलं तर त्यातही खांब तयार होतात. उष्णतेच्या जागी ओलावा: लाव्हा निवताना आकसतो, स्टार्च सुकताना आकसतो, आणि दोन्हीकडे सीमा वरून खाली सरकते. बेसॉल्टला दशकं लागतात तिथे याला काही दिवस. मंचुरियनसाठी आणलेलं कॉर्नफ्लावर तेवढ्याच वजनाच्या पाण्यात कालवून काचेच्या पसरट भांड्यात ओतलं, दोनेक सेंटिमीटर थर, आणि बाल्कनीत ठेवलं. चौथ्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी आली आणि बायकोने न विचारता ते सिंकमध्ये ओतलं. दुसऱ्या खेपेला माळ्यावरचा जुना १०० वॅटचा बल्ब काढून वीतभर उंचीवर टांगला. आधी चिखलासारख्या मोठ्या भेगा पडल्या, भाची निराश झाली. पाचव्या दिवशी वडी बोटांनी उचलून उलटी केली. खालून बघायचं असतं, तिथेच खांब असतात: काही मिलिमीटर जाडीचे, उभे, एकमेकांना चिकटलेले, पांढरे. टाचणीने टोचलं तर एक खांब अख्खा सुटून आला. खाली बसलेल्या त्या गृहस्थांच्या वडिलांचं वाक्य मला तेव्हा पुरतं कळलं.

नाशिकला परत गेल्यावर तिने घरी पुन्हा करून पाहिलं, या वेळी वाटीत. रात्री मेसेज आला: ‘एकूण ३८ मोजले. चारकोनी ४, पाचकोनी १६, सहाकोनी १३, सातकोनी ५. सरासरी ५.५ आली. तू सहा म्हणाला होतास.’

मी लिहिलं की वाटीच्या काठाला लागलेल्या खांबांना बाहेरच्या बाजूला शेजारीच नसतात, वाटी लहान असेल तर काठावरचेच जास्त मोजले जातात आणि सरासरी खाली ओढली जाते. शिवाय टीचे कोपरे तिने बहुधा सोडले असणार.

थोड्या वेळाने उत्तर आलं. ‘मग उद्या परातीत करते. आईला सांगू नकोस.’